रिळाच्या जोडाची कुळकथा

रहस्यमालिकेत जुनी फिल्म हाताने जोडणारा माणूस दिसला, की प्रेक्षक ते दृश्य गतकाळाची सजावट म्हणून पाहतो. टेबलावर दोन चक्रं, मधे खालून उजळलेली काच, हातात ब्लेड, शेजारी छोटी बाटली. एवढं दाखवलं की प्रकरण जुनं आहे हे सांगून होतं. पण रहस्यकथेच्या साऱ्या सामग्रीत या जोडाचा मान वेगळा आहे. ठशाचं पाकीट किंवा रक्ताचा डाग तपास करणाऱ्याला बाहेरून मिळतो. फिल्मचा जोड मात्र ज्याने फेरफार केला त्याच्याच हातचं काम असतो, आणि ते काम स्वतःबद्दल साक्ष देतं. ही साक्ष लेखकांनी त्याच्यावर लादलेली नाही. जोडाची कुळकथा पाहिली तर तो पुरावा म्हणून का शोभतो याचं कारण त्याच्या जन्मातच सापडतं. खेळ दाखवणाऱ्याला छोट्या फिल्मा एकापाठोपाठ लावायच्या होत्या आणि तुटलेली फिल्म पुन्हा चालवायची होती. त्या गरजेतून तो आला. काही गमावल्याशिवाय तो होत नाही आणि जे गमावलं त्याची खूण मागे ठेवल्याशिवाय राहत नाही, हा त्याचा गुण पहिल्या दिवसापासूनचा आहे.

सोलापूरसारख्या गावाला या कथेचा पहिला धागा लगेच ओळखू येईल, कारण तो कापसाचा आहे. जुन्या चित्रपटाची फीत सेल्युलोजची, आणि ते सेल्युलोज मुख्यतः कापसातून मिळे. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रेट फिल्म बनत असे. ती इतकी ज्वालाग्राही, की एकदा पेटली तर जळायला बाहेरचा प्राणवायूही तिला लागत नसे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मागे पडली आणि तिची जागा अॅसिटेटने घेतली. हाही सेल्युलोजचाच प्रकार. म्हणूनच हातजोडाची रीत दोन्ही पिढ्यांत तीच राहिली. बाटलीतल्या द्रावणाला धंद्यात सिमेंट म्हणत असले तरी ते गोंदासारखं वर बसत नाही. ते दोन्ही टोकांचा पाया विरघळवतं, विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात, द्रावण उडून जातं आणि दोन तुकड्यांची एकच वस्तू होते. मात्र पायावरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन या द्रावणात विरघळत नाही. त्यामुळे जोडाच्या पट्टीवरचं चित्र आधी ब्लेडने खरवडून काढावं लागतं. किती खरवडायचं, कुठवर, पायाला ओरखडा न पाडता, हे सगळं हाताला कळावं लागतं. जास्त खरवडलं तर जोड दिसतो, कमी खरवडलं तर तो पुढच्याच खेळाला सुटतो.

सोलापूरच्या मागावर तार तुटली की विणकर ती गाठ मारून पुढे जातो आणि कापडात फारसं काही कमी होत नाही. फिल्ममध्ये मात्र वेळ कमी होतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात आणि प्रोजेक्टर ती चारच्या हिशेबाने ओढतो. जोडताना हा हिशेब चुकला, तीन किंवा पाच भोकं पडली, तर पडद्यावर माणसाचे पाय वर आणि डोकं खाली येतं, आणि फिरत्या सिनेमाच्या तंबूतल्या शिट्ट्या ऑपरेटरला त्याची चूक सांगतात. म्हणून फ्रेम अर्धी फाटली तरी ती पूर्ण काढावी लागते, आणि एकावर एक चढणाऱ्या पट्टीसाठी बहुधा आणखी एक फ्रेम जाते. बोलपट आल्यावर हा तोटा कानालाही कळू लागला. ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर एखाद्या चित्राचा आवाज त्याच चित्राच्या शेजारी नसतो. तो सुमारे वीस फ्रेम आधीच्या जागी छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीच्या खाली, पुढे असतो. १६ मिलिमीटरमध्ये हे अंतर सव्वीस फ्रेमचं. याचा अर्थ असा, की कुणी प्रिंटमधून एखाद्या माणसाचं दृश्य कापून टाकलं तर त्याच्या बोलण्याचा सुरुवातीचा तुकडा, सेकंदाहून थोडा कमी, फिल्मवरच राहतो आणि पुढच्या दृश्यावर ऐकू येतो. उलट पुढच्या दृश्याचा तेवढाच आवाज कापलेल्या तुकड्याबरोबर निघून गेलेला असतो. पडद्यावरून पुसलेला माणूस क्षणभर आवाजात उरतो. याहून चांगला धागा रहस्यकथा लिहिणाऱ्याला दुसरा कोणता हवा? जोड आवाजाच्या पट्टीवरून जाताना ‘टप्प’ असा धक्का येतो. तो दाबायला जोडाच्या जागी काळ्या शाईचा त्रिकोण रंगवत. म्हणजे लपवण्याची खटपटही खूण ठेवूनच जात असे.

इथे चित्रपटाच्या इतिहासाची आवड असलेला वाचक हरकत घेईल. जोड ही संकलनाची देणगी. दृश्यामागून दृश्य लावून अर्थ घडवायचा, म्हणून फिल्म कापली आणि जोडली गेली, असं आपण शिकत आलो. कालक्रम मात्र वेगळं सांगतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्मा दाखवल्या गेल्या, तेव्हा त्यातली प्रत्येक फिल्म मिनिटभराचीही नव्हती. अशा तुटक फिल्मांचा सलग कार्यक्रम कसा लावायचा, कोणती आधी, कोणती नंतर, हे ठरवणारा पुढची काही वर्षं खेळ दाखवणाराच होता. लांब फिल्म ओढताना ती तुटे. त्यावर १८९५–९६ मध्ये लॅथम कुटुंबाच्या यंत्रात फिल्मला सैल वळण देण्याची युक्ती आली आणि मार्च १८९७ मधली कॉर्बेट–फिट्झसिमन्स यांची मुष्टियुद्धाची लढत तासाहून अधिक लांबीच्या फिल्मवर टिपता आली. या साऱ्या काळात कथा सांगणाऱ्या संकलकाचा पत्ता नव्हता, सांधणारा होता. संकलक नंतर आला आणि सांधणाऱ्याचंच अवजार त्याने हाती घेतलं. त्याची थोरवी यात जराही कमी होत नाही, पण अवजाराचा वंश बदलत नाही.

या वंशाचा सर्वात बोलका पुरावा जॉर्ज मेलिएसच्या फिल्मांत आहे. पॅरिसच्या चौकात चित्रण करताना कॅमेरा अडकला, तो पुन्हा चालू होईपर्यंत समोरच्या गाडीच्या जागी शववाहिनी आली आणि फिल्म पाहताना गाडीचीच शववाहिनी झाली, ही गोष्ट मेलिएसने स्वतः सांगितली आणि जगाने मानली. कॅमेरा थांबवून वस्तू बदलायची, एवढंच त्याच्या जादूचं रहस्य, असा समज रूढ झाला. पुढे फ्रेंच अभ्यासक झाक माल्तेत यांनी मेलिएसच्या फिल्मा प्रत्यक्ष तपासल्या, तेव्हा त्या गायब होण्याच्या क्षणांवर जोड सापडले. कॅमेरा थांबे, चालू होई, पण नेमका बदल मिळावा म्हणून मेलिएस नंतर टेबलावर बसून नको त्या फ्रेम कापून दोन टोकं जोडत असे. आठवणीने आणि दंतकथेने जे झाकलं ते जोडाने कित्येक दशकांनी उघड केलं. जोड पुरावा ठरतो हे रहस्यमालिकांच्या बाहेरही खरं आहे, हे दाखवायला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

महाराष्ट्रात हा वंश फाळक्यांच्या घरात उतरला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो सुमारे ३७०० फूट लांबीचा, चार रिळांचा. दादासाहेब फाळके छायाचित्रण, धुलाई, छपाई आणि प्रदर्शन या सगळ्यांत स्वतः होते, आणि सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं मिसळणं ही कामं करत. भारतीय चित्रपटाचा पहिला कारखाना हा असा घरचा होता. त्यात स्टुडिओ आणि प्रोजेक्टरची खोली या दोन जगांमध्ये भिंत नव्हती, म्हणून जोडाचं मूळ रूप तिथे स्पष्ट दिसतं. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, १९६४ मध्ये स्थापना झाल्यावर, पी. के. नायर यांच्या धडपडीने फाळक्यांचं जे मिळेल ते गोळा केलं. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळंच उरली आहेत, आणि ती १९१३ च्या चित्रपटाची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. ‘कालिया मर्दन’ (१९१९) तुकड्यांच्या रूपात हाती आला. फाळक्यांच्या टिपणांच्या आधारे नायरांनी त्या तुकड्यांचा क्रम लावला. आज आपण जो बाळकृष्ण पाहतो तो दोन वेळा जोडलेला आहे, एकदा फाळक्यांच्या हातून आणि एकदा नायरांच्या. कोणता जोड कुणाचा, हे फिल्मकडे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

जोडाची आणखी एक ओळख सत्तेशी आहे, आणि तिथे सोलापूरचं १९३० साल समोर येतं. एप्रिल १९३० मध्ये सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात गोळीबार, मग मार्शल लॉ. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी. त्याच काळात कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा शिवकालावरचा ‘स्वराज्याचं तोरण’ सेन्सॉरपुढे गेला. नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं आणि गडावर ध्वज उभारण्याच्या दृश्यावर हरकत आली. एकाच सरकारला एकीकडे इमारतीवरचा ध्वज नको होता आणि दुसरीकडे पडद्यावरचा. इमारतीवरचा ध्वज उतरवता येतो. फिल्ममधला काढायचा तर कात्री लावून दोन टोकं जोडावी लागतात. सेन्सॉरच्या हुकमाचं शेवटचं टोक नेहमी असं कुणाच्या तरी टेबलावर येऊन पडतं. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या चलचित्र अधिनियमाने हा व्यवहार उलट बाजूनेही बांधून टाकला: प्रमाणपत्र मिळाल्यावर प्रिंटमध्ये काही घुसडणं किंवा बदलणं हा गुन्हा ठरला. छोट्या गावांतल्या सकाळच्या खेळांना परवानगी नसलेले तुकडे जोडून दाखवल्याच्या तक्रारी येत, तेव्हा तपास अखेर प्रमाणपत्रावरची लांबी आणि प्रत्यक्ष प्रिंटची लांबी ताडून पाहण्यावर यायचा. फूटपट्टी आणि जोड, एवढ्यावर खटला उभा राहू शकत होता.

मोठ्या शहरात प्रदर्शित झालेली प्रिंट सोलापूर, बार्शी, पंढरपूर, करमाळा अशी उतरत गावोगावच्या यात्रांतल्या तंबूपर्यंत जाई, तेव्हा तिच्यावर किती हातांनी जॉइंट मारले असतील! एक रीळ हजार फुटांचं, साधारण अकरा मिनिटांचं. हिंदी चित्रपटाच्या पेटीत चौदा ते अठरा रिळं सहज असत. कार्बनच्या दिव्याची धग, धूळ, झिजलेले दाते, घाईघाईने केलेलं रिवाइंड, यातून फिल्म तुटे, आणि प्रेक्षक खोळंबलेले असताना ऑपरेटरला दीड-दोन मिनिटांत जोड देऊन खेळ सुरू करावा लागे. यातही एक गंभीर हरकत आहे, आणि ती टाळून चालणार नाही: याच ऑपरेटरांनी फिल्मांचं नुकसान केलं. वेळ भरून काढायला गाण्याचं कडवं उडवलं, आवडलेल्या फ्रेम कापून ठेवल्या, वाकडे जोड दिले. रिळाच्या शेवटाची आणि सुरुवातीची झीज तर सगळ्यात जास्त. हे सगळं खरं आहे. पण त्या प्रिंटा जपण्यासाठी काढलेल्याच नव्हत्या. त्या चालवून संपवायच्या होत्या, आणि ज्या वाचल्या त्या चालत राहिल्या म्हणून वाचल्या. नुकसान आणि जपणूक एकाच हाताने केली, आणि त्या हाताने दोन्हींची नोंद फिल्मवरच ठेवली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) हा माहितीपट महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबूंची शेवटची वर्षं दाखवतो. त्यातल्या झिजलेल्या प्रिंटांकडे या नजरेने पाहावं.

दूरचित्रवाणीवर जोड पोचला तो बातम्यांच्या दारातून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, आणि त्या काळात बातम्यांचं बाहेरचं चित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर होई. बातमीची फिल्म अनेकदा रिव्हर्सल जातीची असे: तिला निगेटिव्ह नसे, कॅमेऱ्यातून जी फीत गेली तीच धुऊन, कापून, जोडून प्रसारित होई. चूक झाली तर दुसरी प्रत नाही. मराठीतली पोलिसतपासाची गाजलेली दूरदर्शन मालिका ‘एक शून्य शून्य’ बी. पी. सिंग यांनी केली. ते आधी दूरदर्शनचे वृत्तछायाचित्रकार होते, आणि शिवाजी साटम यांच्यासह त्यांनी पुढे १९९८ पासून ‘सीआयडी’ दीर्घकाळ चालवली. भारतीय रहस्यमालिकेच्या घडणीत असा फिल्मवर वाढलेला माणूस असणं मला महत्त्वाचं वाटतं. पण जोड हाच कथेचा कणा झालेली मालिका पाहायची तर अमेरिकेच्या ‘कोलंबो’चा डिसेंबर १९७३ मधला ‘डबल एक्स्पोजर’ हा भाग पाहावा. जाहिरात-मानसशास्त्राचा तज्ज्ञ बार्ट केपल एका फिल्ममध्ये थंड पेयाच्या एकेक फ्रेम जोडून घालतो, खारट खाल्लेल्या माणसाला तहान लागून तो बाहेर येतो आणि मारला जातो. कोलंबो त्याला त्याच्याच युक्तीने पकडतो: केपलच्या कार्यालयात झडती घेतानाची स्वतःची छायाचित्रं तो फिल्ममध्ये जोडतो, आणि केपल घाबरून लपवलेल्या वस्तूकडे धावतो. त्याच भागात प्रोजेक्टर चालवणाऱ्याची एक सवयही तपासात येते: रिळात नाणं ठेवायचं, म्हणजे रीळ संपत आलं की ते खाली पडून आवाज होतो.

या भागातलं विज्ञान कच्चं आहे, हे मान्य केलंच पाहिजे. पडद्यावर क्षणभर चमकलेल्या शब्दांनी लोक खाऊ-पिऊ लागतात, हा १९५७ मधला जेम्स व्हिकरीचा दावा पुढे त्याच्याच कबुलीने कोसळला. पण मानसशास्त्र खोटं ठरलं तरी जोडाचं वर्णन खोटं ठरत नाही. एकच फ्रेम घालायची तर तिच्या दोन्ही बाजूंना दोन जोड लागतात, आणि ते टेबलावर बोटांना लागतात. यावर तंत्र जाणणारा म्हणेल, की जोडलेल्या फिल्मवरून नवी प्रत छापली तर बोटांना काहीच लागणार नाही. शिवाय इटालियन संकलक लिओ कातोत्सो याच्या यंत्राने पारदर्शक टेपचा जोड आणला, तेव्हापासून फ्रेम न गमावता जोडता येऊ लागलं. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, तरी खूण मागे राहतेच. छापलेल्या प्रतीत जोडाची रेघ चित्र म्हणून दिसते, पण उंचवटा नसतो. या फरकावरूनच प्रत कितव्या पिढीची ते कळतं. निगेटिव्हचा जोड अरुंद, प्रोजेक्टरच्या खोलीतला रुंद, तेव्हा कोणता जोड कारखान्यातला आणि कोणता वाटेतला हेही कळतं. फिल्मच्या कडेवर कोडॅकने छापलेली चौकोन-त्रिकोण-वर्तुळांची चिन्हं कच्ची फिल्म कोणत्या वर्षीची ते सांगतात. जोडाच्या दोन बाजूंना वेगळी चिन्हं आली, तर दोन तुकडे एका वेळचे नाहीत. अब्राहम झाप्रूडरने २२ नोव्हेंबर १९६३ रोजी टिपलेल्या केनेडींच्या हत्येच्या फिल्मवर प्रतींच्या पिढ्यांची कसोटी लागली. ४८६ फ्रेमच्या त्या मूळ फिल्ममध्ये २०८ ते २११ या चार फ्रेम नाहीत आणि तिथे जोड आहे. कटाचे तर्क उठले. पण फिल्म ‘लाइफ’ नियतकालिकाकडे जाऊन खराब होण्याआधी काढलेल्या प्रतींमध्ये त्या चारही फ्रेम होत्या. जोडाने शंका उभी केली आणि प्रतींच्या वंशावळीने ती फेडली.

१९९० च्या दशकात प्रिंटा पॉलिएस्टरवर निघू लागल्या. सेल्युलोजचा पाया विरघळवणारं द्रावण पॉलिएस्टरवर काम करत नाही. तिथे टेप लागते किंवा अल्ट्रासॉनिक यंत्र. मग उपग्रहावरून चित्रपट पाठवणाऱ्या सेवा आल्या, २०१३ मध्ये फुजीने चित्रपटाची फिल्म बनवणं थांबवलं, आणि २०१६ मध्ये करमाळ्याच्या मातीतला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ गावागावांत लागला तो संगणकीय फाइल म्हणून, रिळांच्या पेटीशिवाय. जुन्या फिल्मा आता स्कॅन होत आहेत. स्कॅनर सुरू होण्याआधी कुणीतरी फाटलेली भोकं टेपने बुजवतं, सुकलेले जोड सोडवून पुन्हा देतं. फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यशाळांत हे काम आजही शिकवलं जातं. इथेच एक धोका आहे. स्वच्छ, सलग चित्र मिळावं म्हणून जुने जोड काढले जातात, जोडाच्या रेघा संगणकावर पुसल्या जातात, आणि त्या क्षणी फिल्मच्या प्रवासाची हस्तलिखित नोंद नष्ट होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या नायट्रेट फिल्मांच्या कोठाराला आग लागून प्रभातच्या काळातलं बरंच काही गेलं, ते परत मिळणार नाही. जे आहे त्यातून जोड पुसणं मात्र आपल्या हातात आहे. दुरुस्तीच्या तक्त्यात रिळाची लांबी, आकुंचन, ओरखडे यांसाठी रकाने असतात. प्रत्येक जुन्या जोडाला तिथे स्वतंत्र रकाना हवा: कोणत्या फुटावर आहे, किती रुंद, सिमेंटचा की टेपचा, दोन बाजूंच्या कडांवर कोणती चिन्हं, आवाजाच्या पट्टीवर शाई आहे की नाही. आणि जोड सोडवण्याआधी दोन्ही बाजूंनी त्याचं छायाचित्र.